सर्व्हर घरचा, जबाबदारीही घरचीच

खास प्रतिनिधी, मुंबई

वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या ‘नायरा एनर्जी’ या तेलशुद्धीकरण कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या ई-मेल सेवा २२ जुलै २०२५ रोजी एकाएकी बंद पडल्या. कंपनीने पैसे थकवले नव्हते, परवान्याची मुदत संपलेली नव्हती आणि भारतातील कोणत्याही कायद्याचा भंग केल्याचा ठपकाही तिच्यावर नव्हता. चार दिवस आधी, १८ जुलैला, युरोपीय संघाने रशियावरील निर्बंधांचा अठरावा संच मंजूर केला होता व त्यात नायराचे नाव होते. रशियाच्या ‘रोझनेफ्ट’ या तेलकंपनीकडे नायराचे ४९.१३ टक्के भागभांडवल आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे ठरले. असे एकतर्फी निर्बंध आपण मानत नाही, ही भारत सरकारची भूमिका जाहीर होती. तरीही ‘मायक्रोसॉफ्ट’ या अमेरिकी कंपनीने आपल्या सेवा थांबवल्या. वाडीनारला वर्षाकाठी दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या आणि देशभर सहा हजारांहून अधिक पंप चालवणाऱ्या कंपनीला स्वतःचाच पत्रव्यवहार उघडता येईना.

नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाल्या आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले. मधल्या काळात कंपनीने मुंबईच्याच ‘रेडिफ’ची ई-मेल सेवा घेतल्याचे वृत्तसंस्थांनी दिले होते. आठ दिवसांची ही हकिकत वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आली आणि गेली. पण ज्यांची रोजची कामे परक्याच्या सर्व्हरवर चालतात, अशा उपनगरांतील असंख्य छोट्या कार्यालयांना तिने एक प्रश्न घालून दिला आहे. नायराकडे वकिलांची फौज होती. मुलुंडच्या सनदी लेखापालाचे किंवा घाटकोपरच्या डॉक्टरचे खाते उद्या असेच गोठले, तर त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

या प्रश्नाचे एक उत्तर संगणकप्रेमींच्या वर्तुळात बऱ्याच वर्षांपासून दिले जाते. ते म्हणजे आपला सर्व्हर आपणच चालवायचा. लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली घातलेला एक साधा संगणक, त्यात दोन हार्ड डिस्क, त्यावर फायली साठवण्याचे आणि वाटून घेण्याचे मुक्त सॉफ्टवेअर, की झाले घरचे क्लाउड. उत्तर चुकीचे नाही. मात्र ते जितक्या सहजपणे सांगितले जाते तितके सोपेही नाही, आणि मुंबईच्या उपनगरांत तर मुळीच नाही.

‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार

क्लाउड हा शब्द रुळला तो साठवणूक फुकट मिळत होती म्हणून. ‘गुगल फोटोज’ने अमर्याद छायाचित्रे विनामूल्य ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा अनेक कुटुंबांना पहिल्यांदाच कळले की आपण मालक नसून भाडेकरू आहोत. त्या वेळी भारतात १०० जीबीसाठी महिना १३० रुपये आणि दोन टीबीसाठी वर्षाला साडेसहा हजार रुपये असा दर होता. मुंबईकराला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर हा पागडीचा व्यवहारही नव्हे. तो ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार आहे. जागा वापरायची परवानगी मिळते, जागेवर हक्क निर्माण होत नाही आणि अटी बदलण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षाकडे राहतो. फरक इतकाच की घरमालकाला घर रिकामे करून घेण्यासाठी नोटीस द्यावी लागते. इथे पासवर्ड चालेनासा होतो.

विदा भारतात ठेवली की प्रश्न सुटला, असाही एक समज आहे. अॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपापल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग सुरू केला. चांदिवली, ऐरोली, पनवेल या पट्ट्यात मोठमोठी विदाकेंद्रे उभी राहिली. साहजिकच अंधेरीतील कंपनीची फाईल आता बहुधा तिच्यापासून काही किलोमीटरवरच असते. परंतु फाईल कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेच्या २०१८ मधील ‘क्लाउड अॅक्ट’नुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कुठेही असली, तरी तेथील यंत्रणा योग्य त्या न्यायालयीन आदेशाने ती मागू शकतात. नायरा प्रकरणातही भूगोलाला काही अर्थ उरला नव्हता.

मग स्वदेशी कंपनी का नको? केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल व्यवस्था चेन्नईस्थित ‘झोहो’च्या यंत्रणेवर नेण्यात आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले. परदेशी निर्बंधांचा धोका त्यामुळे निश्चितच कमी होतो. पण स्वदेशी आणि स्वाधीन यांत अंतर आहे. झोहोचे सॉफ्टवेअरही बंदिस्त आहे, किल्ली तिथेही दुसऱ्याच्याच हाती आहे. घरमालक बदलला, करार तोच राहिला.

युरोपातील काही सरकारांनी या बाबतीत वेगळी वाट धरलेली दिसते. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टकडून मुक्त सॉफ्टवेअरकडे नेण्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात फायलींच्या साठवणुकीसाठी ‘नेक्स्टक्लाउड’ची निवड झाली. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानेही २०२५ मध्ये जर्मन ‘ओपनडेस्क’कडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यातील फायलींचा कप्पाही नेक्स्टक्लाउडचाच आहे.

पेटीत काय असते?

नेक्स्टक्लाउडचा जन्म समजून घेण्यासारखा आहे. फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रामरने जानेवारी २०१० मध्ये ‘ओनक्लाउड’ हा प्रकल्प जाहीर केला. पुढे त्याभोवती कंपनी उभी राहिली, मतभेद झाले, २०१६ च्या एप्रिलमध्ये कार्लिचेक बाहेर पडले आणि जूनमध्ये त्यांनी त्याच आज्ञावलीची नवी शाखा नेक्स्टक्लाउड या नावाने सुरू केली. संस्थापकाला कंपनी सोडावी लागली, तरी आज्ञावली सोडावी लागली नाही. मुक्त परवान्याचा अर्थ याहून नेमका सांगता येणार नाही. नायराच्या बाबतीत जे घडले ते अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत घडू शकत नाही, कारण ते दूरून बंद करण्याची कळच कोणाकडे नसते.

प्रत्यक्ष उभारणी अशी होते. डेबियन किंवा उबुंटू यांसारखी लिनक्सची सर्व्हर आवृत्ती संगणकावर घालायची. त्यावर संकेतस्थळ चालवणारा अपाचे किंवा एनजिनएक्स, पीएचपी ही भाषा आणि मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा विदासंच चढवायचा. मग नेक्स्टक्लाउड. दोन हार्ड डिस्क एकमेकींची प्रतिबिंबे म्हणून जोडायच्या, म्हणजे एक बिघडली तरी काम थांबत नाही. डोमेन नाव घ्यायचे, ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून सुरक्षा प्रमाणपत्र मिळवायचे. ते विनामूल्य असते, पण त्याची मुदत थोड्या महिन्यांची असल्याने आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था करावी लागते. त्यानंतर मोबाइलवर अॅप घातले की छायाचित्रे, कागदपत्रे, दूरध्वनी क्रमांक, कॅलेंडर सारे घरच्या पेटीत जमा होऊ लागते. केवळ छायाचित्रांपुरती सोय हवी असेल तर ‘इमिच’, आणि मधला सर्व्हरच नको असेल तर दोन संगणक परस्पर जुळते ठेवणारे ‘सिंकथिंग’ असेही पर्याय आहेत. थोडीफार जाण असलेला माणूस शनिवार-रविवारी हे काम पुरे करू शकतो.

विजेचा बाऊ करण्याचे कारण नाही. वीस वॅटचा छोटा संगणक अहोरात्र चालला तर महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आसपास वीज घेतो. कपाटातला जुना डेस्कटॉप काढून लावला, तर मात्र ऐंशी वॅटने तोच आकडा ५८ युनिटांच्या घरात जातो, म्हणजे फुकटचा संगणक तितकासा फुकट राहत नाही. यंत्र, दोन डिस्क, यूपीएस आणि वीज यांची बेरीज केली, तर एका कुटुंबाच्या पातळीवर पाच वर्षांत भाड्याशी बरोबरी झाली तरी पुष्कळ म्हणायची. पैसे वाचतात म्हणून घरचे क्लाउड करू पाहणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे.

हिशेब पालटतो तो विदा प्रचंड असते तिथे. वर्सोव्याच्या आरामनगरपासून ओशिवऱ्यापर्यंत पसरलेल्या संकलनगृहांचे उदाहरण घेता येईल. चांगल्या प्रतीचे, संकलनासाठीच्या स्वरूपातले ‘फोर-के’ चित्रीकरण तासाला तीनशे जीबीच्या पुढे जाते. एका मालिकेचे आठवडाभराचे काम काही टीबींचे असते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून एक टीबी वर चढवायला २२ तास लागतात, तेही वेग एकदाही न ढळता. त्यामुळे या व्यवसायात नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेट्या पूर्वीपासून आहेत आणि त्यांतील बहुतेकींच्या आत लिनक्सच चालते, याची त्यांच्या मालकांना कल्पना असो वा नसो.

पाणी, वीज आणि पत्ता

पुस्तकातले वर्णन इथे संपते आणि उपनगर सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. कुर्ला, कालिना, सांताक्रूझ परिसरातील तळमजल्यांवरचे संगणक, वह्या आणि दप्तरे एकाच वेळी पाण्यात गेली. सोसायटीचे कार्यालय बहुधा तळमजल्यावर, जिन्याखाली किंवा पंपाच्या खोलीशेजारी असते, हे लक्षात घेतले तर सोसायटीच्या सर्व्हरची जागा आधी ठरवावी लागेल, यंत्र नंतर.

विजेचे गणित उपनगरागणिक बदलते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुपला महावितरण. बोरिवलीच्या पेटीची दुसरी प्रत मुलुंडच्या नातेवाइकांकडे ठेवली की कंपनीही वेगळी आणि नाल्याचे पाणीही वेगळे, असा विचार कोणी करील आणि तो बव्हंशी योग्यही आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. पारेषण यंत्रणेतील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा पुरवठा एकदमच तुटला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि उपनगरांच्या काही भागांत दिवे यायला सायंकाळ उलटली. अर्ध्या तासाच्या यूपीएसचा अशा दिवशी उपयोग एवढाच की सर्व्हर शिस्तीत बंद होतो आणि विदासंच मोडत नाही. तेही त्याला बंद होण्याची आज्ञा देणारी तार यूपीएसला जोडलेली असेल तरच. बाजारात सर्वत्र मिळणारे अनेक स्वस्त यूपीएस ही सोय देत नाहीत.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. चोरीच्या भीतीने हार्ड डिस्क सांकेतिक कुलपात ठेवली, तर वीज परत आल्यावर सर्व्हर सुरू होतो आणि परवलीच्या शब्दाची वाट पाहत थांबतो. मालक गावी गणपतीला गेलेला असेल, तर ते क्लाउड गौरीविसर्जनापर्यंत बंदच राहणार. कुलूप न लावावे, तर घरफोडीत सर्व्हरसोबत सगळे आयुष्य जाते. यात सर्वांना लागू पडणारा तोडगा नाही. डॉक्टरने कुलूप लावलेच पाहिजे. केवळ सहलीची छायाचित्रे ठेवणाऱ्याने स्वतःच ठरवावे.

आणि पत्त्याचा प्रश्न. जगातील जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते केव्हाच संपत आले आहेत. त्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना एकच टपालपेटी असावी, त्यातला प्रकार. घरातून बाहेर जाणारे पत्र व्यवस्थित जाते आणि त्याचे उत्तरही येते. बाहेरून आपणहून आलेले पत्र मात्र कोणाचे हे पोस्टमनला कळत नाही. घरचा सर्व्हर हा अशाच बाहेरून येणाऱ्या पत्रांवर जगतो. महिन्याला जादा पैसे भरून स्वतंत्र स्थिर पत्ता घेणे, हा सरळ मार्ग. आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धती भारतात मोबाइल कंपन्यांमुळे मोठ्या प्रमाणावर पसरली आहे. परंतु घरची जोडणी आणि बाहेरच्या ठिकाणची जोडणी दोन्हीकडे ती असेल तरच काम होते. तिसरा मार्ग म्हणजे विदाकेंद्रातील एक छोटासा सर्व्हर भाड्याने घेऊन त्याच्या व घराच्या दरम्यान ‘वायरगार्ड’सारखा खासगी बोगदा काढायचा. तो भाड्याचा सर्व्हर निव्वळ दारवान असतो, माल घरातच राहतो. स्वावलंबनासाठी निघालेल्याला शेवटी थोडे भाडे भरावेच लागते, यातला विनोद नाकारण्यात अर्थ नाही.

कुलूप कोण बदलणार?

इथवरच्या अडचणी पैशाने किंवा हिकमतीने सुटतात. पुढची अडचण तशी नाही. इंटरनेटवर उघडे दार ठेवले की ते ठोठावणारे काही मिनिटांत हजर होतात. ती माणसे नसतात, अहोरात्र फिरणाऱ्या आज्ञावली असतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओनक्लाउडच्या एका उपघटकात त्रुटी सापडली. तिच्यातून काही प्रकारच्या मांडणीत थेट प्रशासकाचा पासवर्ड बाहेर पडत होता, आणि तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण देण्यात आले. २१ तारखेला ती जाहीर झाली, २५ तारखेपासून तिचा गैरफायदा घेणारे हल्ले नोंदले जाऊ लागले. म्हणजे हातात चार दिवस होते. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२२ मध्ये, ‘क्यूनॅप’ या कंपनीच्या साठवणपेट्यांवर ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने हल्ला केला. ज्यांची पेटी थेट इंटरनेटला जोडलेली होती, त्यांच्या फायलींना कुलूप लागले आणि पडद्यावर ०.०३ बिटकॉइनची मागणी झळकली.

गुगल किंवा मायक्रोसॉफ्टला आपण जे भाडे देतो, त्यातला मोठा हिस्सा खरे तर या चार दिवसांचा आहे. त्रुटी कळताच रात्री-अपरात्री ती बुजवणारी माणसे तिथे पगारावर असतात. घरच्या क्लाउडचा पगारी माणूस म्हणजे घरातलाच एक जण. नेक्स्टक्लाउडच्या वर्षाला साधारण तीन मोठ्या आवृत्त्या निघतात, प्रत्येकीला सुमारे वर्षभर सुरक्षा दुरुस्त्या मिळतात आणि अद्ययावत करताना मधली आवृत्ती ओलांडून उडी घेता येत नाही. दोन वर्षे दुर्लक्ष झालेला सर्व्हर पायरी-पायरीने वर आणावा लागतो आणि त्यातल्या एखाद्या पायरीवर पीएचपीची जुनी आवृत्ती अडून बसते. हौसेने उभारलेले घरगुती सर्व्हर बंद पडतात ते बहुधा याच टप्प्यावर. मुलगा उच्च शिक्षणासाठी परदेशी जातो आणि आईवडिलांच्या हाती एक घरघरणारी पेटी उरते.

यावर एक मध्यममार्ग आहे आणि त्याचा विचार फारसा होत नाही. सर्व्हरचे दार जगासाठी उघडायचेच नाही. तो केवळ खासगी बोगद्यातून, ठरलेल्या फोन व संगणकांनाच दिसेल अशी मांडणी करायची. अनोळखी माणसाला दुवा पाठवून फाईल देण्याची सोय त्यामुळे जाते. पण सनदी लेखापालाच्या कार्यालयातील सहा माणसांना ती सोय हवी असते की नको असते, याचा विचार केला तर उत्तर अवघड नाही.

देजॉनची आग

दक्षिण कोरियातील देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी विदाकेंद्राला आग लागली. यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ती भडकली. तेथील शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवणसेवा स्वतःच्याच सर्व्हरवर चालवली होती. कोणत्याही परदेशी कंपनीवर ती अवलंबून नव्हती. घरच्या क्लाउडचेच हे सरकारी रूप म्हणायला हवे. सुमारे सव्वा लाख अधिकाऱ्यांची ८५८ टीबी विदा तीत होती आणि आकारमान फार मोठे म्हणून तिची दुसऱ्या ठिकाणी प्रतच ठेवलेली नव्हती. सारे जळून गेले. बारा महिने तेरा काळ जगातील वेगवान इंटरनेटचा अभिमान मिरवणाऱ्या देशात हे घडले.

नेमके उलटे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्या स्वतःच्याच चुकीमुळे ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीचे संपूर्ण खाते पुसले गेले. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपली शिल्लक पाहता आली नाही. निधी वाचला, कारण एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली होती. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की सर्व्हर कोणाचा, हा वाद थोडा मागे पडतो. प्रत किती आणि कुठे, हा प्रश्न पुढे येतो.

उपनगरांतील कार्यालयांत या बाबतीत एक ठाम गैरसमज आढळतो. दोन डिस्क प्रतिबिंबासारख्या जोडल्या म्हणजे प्रत तयार आहे, असे मानले जाते. प्रतिबिंब डिस्क बिघडण्यापासून वाचवते. चुकून पुसलेली फाईल दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते आणि खंडणीखोराचे कुलूपही दोन्हींना एकदमच लागते. खरी प्रत ती, जी वेगळ्या यंत्रात, वेगळ्या छपराखाली, आणि शक्यतो तारेने जोडलेली नसेल. २००५ चा पाऊस आणि २०२० चा अंधार जमेस धरला, तर ते छप्पर पुणे किंवा नाशिकला असलेले बरे. सांकेतिक कुलपात बंद करून हीच प्रत भाड्याच्या क्लाउडवर टाकायलाही हरकत नाही. किल्ली आपल्याकडे असल्याने ठेवणाऱ्याला आतले काही दिसत नाही आणि त्याने खाते गोठवले तरी मूळ घरी असते.

कायद्याची बाजू

छायाचित्रे आणि घरची बिले यांपुरता मामला असेल तर कायदा दाराशी येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या निव्वळ खासगी व घरगुती वापराला वगळलेले आहे. पण दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, सोसायटीकडे असलेल्या सभासदांच्या आणि भाडेकरूंच्या ओळखपत्रांच्या प्रती, शिकवणीवर्गातील मुलांचे दूरध्वनी यांना ही सूट नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू करण्याचे ठरले, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. विदेच्या सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सोसायटीला एवढा दंड कोणी ठोठावणार नाही हे खरे. तरी सर्व्हर स्वतःचा केला की ‘कंपनीच्या चुकीने झाले’ असे म्हणण्याची सोय संपते, हे व्यवस्थापक समितीने ठराव करण्यापूर्वीच समजून घ्यायला हवे.

कंपन्यांसाठी आणखी दोन नियम आहेत. संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज घेतली गेली पाहिजे, असे ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. आणि ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, तसेच यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. लिनक्स अशा नोंदी आपणहून लिहिते. पण तयार मांडणीत त्या त्यापूर्वीच पुसल्या जाण्याची शक्यता असते; मुदत वाढवण्यासाठी एका ओळीचा बदल पुरतो आणि तो करायचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

माणसे आहेत, रचना नाही

या सगळ्याला लागणारे ज्ञान मुंबईला नवे नाही. जुहूच्या गुलमोहर मार्गावरील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे एनसीएसटीने, १९८० च्या दशकात ‘अर्नेट’ हे देशाचे पहिले शैक्षणिक संगणकजाळे उभारण्यात पुढाकार घेतला. ‘.इन’ने संपणाऱ्या नावांची नोंदणी २००५ मध्ये नवी व्यवस्था येईपर्यंत याच संस्थेतून होत असे. दरम्यान ती सी-डॅकमध्ये विलीन झाली होती. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडींवरून लिनक्स शिकलेली एक पिढी शहरात आहे. तिने व्हीजेटीआय आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार केला. पवईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. अभ्यासक्रमाची उणीव नाही.

उणीव आहे ती मधल्या कारागिराची. नळ गळला तर प्लंबर येतो, वायर जळली तर वायरमन येतो. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्याचा लिनक्स सर्व्हर चौथ्या मजल्यावर बंद पडला तर कोण येणार? लॅमिंग्टन रोडवर यंत्र मिळते, सुटे भाग मिळतात, बसवणारा माणूसही मिळतो. उपनगरांतील कार्यालये ज्यांच्याशी वार्षिक देखभालीचा करार करतात, त्या व्यावसायिकांचे हात प्रिंटर, विंडोज आणि अँटिव्हायरस यांवर बसलेले आहेत. सर्व्हरचा करार त्यांच्याकडून करून घ्यायचा झाल्यास त्याचा मसुदा कार्यालयालाच लिहावा लागेल. सुरक्षा दुरुस्ती किती दिवसांत घालायची, प्रशासकाचा पासवर्ड कोणाकोणाकडे असायचा, करार मोडल्यास तो कसा परत घ्यायचा, आणि दर तीन महिन्यांनी जुन्या प्रतीतून एखादी फाईल प्रत्यक्ष परत मिळवून दाखवायची, या अटी त्यात याव्या लागतील. प्रचलित छापील करारनाम्यात, जिथे ‘टोनर व सुटे भाग वगळून’ हे ठळक अक्षरांत असते, तिथे प्रत परत मिळवून दाखवण्याचा रकाना सहसा नसतो.